विश्लेषण : विमानातल्या वैतागातून वैमानिकांचा हेडसेट कसा घडला? अमर बोस आणि ११ वर्षांची चिकाटी

विमान चालवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या खरेदीच्या यादीत गणवेश, नकाशे आणि लॉगबुकच्या बरोबरीने एक महागडी वस्तू असते, ती म्हणजे हेडसेट. बारामती, गोंदिया किंवा धुळे येथे प्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसमोर साधारण दोन पर्याय असतात. पहिला साधा हेडसेट. दुसरा ‘नॉइज कॅन्सलिंग’, म्हणजे विद्युतयंत्रणेच्या साह्याने बाहेरचा गोंगाट कमी करणारा. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त असू शकते. दोन्ही कानांवर बसतात, दोन्हींतून रेडिओवरचे बोलणे ऐकू येते. मग जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे? या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी अमर बोस या भारतीय वंशाच्या अमेरिकी प्राध्यापकाच्या आयुष्यात सापडते.

कोण होते अमर बोस?

आज ‘बोस’ म्हटले की अनेकांना महागडे स्पीकर आणि हेडफोन आठवतात. त्या कंपनीचे संस्थापक म्हणजे डॉ. अमर गोपाल बोस. त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२९ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच ‘एमआयटी’त त्यांनी ४५ वर्षे शिकवले. १९६४ मध्ये त्यांनी कंपनी सुरू केली, पण अध्यापन सोडले नाही. १२ जुलै २०१३ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी गोंगाट कमी करणारा हेडसेट बाजारात आणला. त्या कामाची सुरुवात मात्र ११ वर्षे आधी, १९७८ मध्ये, एका प्रवासात झाली होती.

बंगालमधून फिलाडेल्फियापर्यंतचा प्रवास कसा घडला?

अमर यांचे वडील नोनी गोपाल बोस हे बंगालमधील स्वातंत्र्य चळवळीतले कार्यकर्ते होते. ब्रिटिश सरकार मागे लागल्याने १९२० मध्ये त्यांना कोलकाता सोडून अमेरिकेला जावे लागले. तेथे त्यांनी शार्लट या शाळाशिक्षिकेशी विवाह केला. शार्लट यांचे पूर्वज फ्रेंच आणि जर्मन होते. त्यांना भारतीय तत्त्वज्ञानाची ओढ होती आणि त्या शाकाहारी होत्या.

घरात भारताविषयी प्रेम असले तरी घराबाहेर परिस्थिती सोपी नव्हती. त्या काळच्या अमेरिकेत वर्णभेद उघडपणे पाळला जात असे. उपाहारगृहात गेल्यावर या कुटुंबाकडे कोणी फिरकत नसे, भाड्याने घर मिळवण्यासाठी अनेकदा आईलाच पुढे व्हावे लागे. लहानग्या अमरला हे सगळे दिसत होते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि जहाजवाहतूक विस्कळीत झाली. वडील भारतातून काथ्याच्या चटयांसारखा माल मागवून विकत, तो धंदा ठप्प झाला. तेव्हा अमर १३ वर्षांचे होते. खेळण्यातल्या आगगाड्या आणि रेडिओ दुरुस्त करण्याचा त्यांना नाद होता. त्यांनी शाळेतल्या मित्रांना हाताशी धरून घरातच दुरुस्तीचे काम सुरू केले. वडील ज्या दुकानांत माल देत, तेथे रेडिओ दुरुस्तीच्या पाट्या लागल्या. काम वाढले आणि घराला आधार मिळाला.

बिघडलेल्या रेडिओत आवाज येतो, पण त्यात खरखर मिसळलेली असते. हवा तो आवाज कोणता आणि नको तो कोणता हे ओळखून, दोष नेमका कुठे आहे ते शोधायचे, हे दुरुस्तीचे मूळ. पुढे बोस यांच्या सगळ्या संशोधनात हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहिला.

‘एमआयटी’ने त्यांना काय दिले?

१९४७ मध्ये बोस ‘एमआयटी’त विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेले आणि १९५६ मध्ये तेथूनच डॉक्टरेट मिळवली. त्यांना मार्गदर्शक लाभले ते नॉर्बर्ट वीनर आणि युक-विंग ली. वीनर हे गणितातले मोठे नाव. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांसाठी काम करताना त्यांनी गोंगाटात मिसळलेल्या संदेशातून खरा संदेश कसा वेगळा काढायचा, याचे गणित मांडले होते. यंत्राने स्वतःच्याच कामाचा परिणाम मोजत राहायचा आणि त्यानुसार स्वतःला सुधारत राहायचे, या ‘फीडबॅक’च्या कल्पनेलाही त्यांनी शास्त्राचा दर्जा दिला.

या दोन्ही गोष्टी बोस यांच्या हाडीमासी खिळल्या. गोंगाट कमी करणाऱ्या हेडसेटचे तंत्र याच दोन गोष्टींवर उभे आहे.

विद्यार्थिदशा संपता संपता त्यांनी एक वर्ष नेदरलँड्समधील आइंडहोव्हेन येथे फिलिप्सच्या प्रयोगशाळेत आणि एक वर्ष फुलब्राइट शिष्यवृत्तीवर नवी दिल्लीत घालवले. नंतर ते ‘एमआयटी’त शिकवू लागले.

स्पीकरची कंपनी कशी सुरू झाली?

१९५६ मध्ये बोस यांनी एक उंची स्टिरिओ संच विकत घेतला. कागदावरचे आकडे उत्तम होते, कानाला मात्र आवाज खरा वाटेना. आकडे चांगले असताना आवाज वाईट का, याचा त्यांनी माग काढला. सभागृहात बसलेल्या श्रोत्याच्या कानावर पडणाऱ्या आवाजाचा मोठा भाग थेट वाद्यातून येत नाही. तो भिंती आणि छतावर आदळून परत येतो. घरातले स्पीकर मात्र सगळा आवाज थेट श्रोत्याच्या तोंडावर फेकत होते.

१९६४ मध्ये त्यांनी कंपनी काढली. यासाठी आग्रह धरला तो त्यांचे गुरू ली यांनी. नुसता आग्रहच नव्हे, तर स्वतःच्या बचतीतले १० हजार डॉलर त्यांनी शिष्याच्या कंपनीत घातले. सुरुवातीची काही वर्षे लष्कर आणि ‘नासा’साठी वीजनियंत्रणाची कंत्राटे करून कंपनी तग धरून होती. १९६६ मध्ये आलेला पहिला स्पीकर ‘२२०१’ चालला नाही. १९६८ मध्ये ‘९०१’ आला. त्यातल्या नऊ ध्वनिघटकांपैकी आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवले होते. तो चालला आणि कंपनीला नाव मिळाले.

सगळ्यांनाच तो आवडला असे नाही. १९७० मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी मासिकाने त्याच्यावर टीका केली. कंपनीने खटला भरला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये निकाल मासिकाच्या बाजूने लागला. अमेरिकेत कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला अभ्यासतात. आपल्या कामावरची टीका बोस यांना सहज मानवत नसे, हेही त्यातून दिसते.

१९७८ च्या विमान प्रवासात काय घडले?

बोस त्या वर्षी झुरिचहून बोस्टनला स्विसएअरच्या विमानाने परतत होते. तोवर विमानात प्रवाशांना पोकळ नळीतून आवाज पोहोचवणारी साधने मिळत. त्या विमानात विजेवर चालणारे नवे हेडफोन दिले गेले. बोस यांनी ते उत्सुकतेने कानाला लावले. इंजिनांच्या घरघरीत संगीताचे बारकावे बुडून गेले होते. आवाज वाढवावा तर कानाला त्रास, कमी करावा तर ऐकू येईना.

त्यांनी वही काढली आणि आकडेमोड सुरू केली. कानाजवळ पोहोचलेला गोंगाट मोजायचा, त्याच्या नेमका उलटा आवाज तयार करायचा आणि दोघांना एकमेकांत विरू द्यायचे, हे शक्य आहे का? बोस्टन येईपर्यंत तत्त्वतः हे शक्य आहे असे त्यांच्या गणिताने सांगितले. परतल्यावर त्यांनी कंपनीत या कामासाठी संशोधकांचा गट नेमला.

ही कल्पना मुळात बोस यांची होती का?

नाही. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्येच आवाजाने आवाज शमवण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले होते. १९५० च्या दशकात लॉरेन्स फोगेल यांनी विमान आणि हेलिकॉप्टरच्या कॉकपिटसाठी अशा रचनांवर काम केले. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनेही १९८० च्या दशकात लुफ्थान्साच्या वैमानिकांसाठी याच दिशेने प्रयत्न केले. त्यामुळे हे तंत्र एकट्या बोस यांच्या नावावर टाकणे योग्य नाही. वैमानिक रोज विश्वासाने वापरू शकेल अशी वस्तू बनेपर्यंत ते लावून धरणे, हा त्यांचा वाटा.

आवाजाने आवाज कसा शमतो?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातली चढ-उतार. एका लहरीचे शिखर जिथे आहे तिथेच दुसरीची दरी आणली, तर दोन्ही मिळून दाब जवळपास सपाट होतो. कागदावर हे सोपे आहे, प्रत्यक्षात वेळ साधणे अवघड.

एका लहान प्रशिक्षण विमानाचे उदाहरण घेऊ. चार सिलिंडरचे इंजिन आणि त्याच्या दांड्यावर थेट बसवलेला दोन पात्यांचा पंखा. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४०. पंख्याची दोन पाती सेकंदाला ८० वेळा हवा कापतात. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे तेही सेकंदाला ८०. कॉकपिटमधली खोल घरघर अशा ८० हर्ट्झच्या आसपासच्या आणि तिच्या पटीतल्या आवाजांची असते.

८० हर्ट्झच्या लहरीची लांबी चार मीटरहून जास्त. एवढी लांब लहर कानावरच्या प्लास्टिकच्या वाटीला आणि फोमला फारशी जुमानत नाही. उलट ५ हजार हर्ट्झच्या तीक्ष्ण आवाजाची लांबी जेमतेम सात सेंटिमीटर. तो त्याच वाटीने चांगला अडतो. साध्या हेडसेटमध्ये शिट्टीसारखे आवाज कमी होतात आणि घरघर उरते, ती यामुळे.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीचे गणित बरोबर याच्या उलट आहे. ८० हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचे, त्यामुळे उलटा आवाज तयार करायला पुरेसा अवधी मिळतो. ५ हजार हर्ट्झला एका आवर्तनाला फक्त ०.२ मिलिसेकंद लागतात. त्यात ०.१ मिलिसेकंदाचा उशीर झाला तरी दरीच्या जागी शिखर येते आणि गोंगाट घटण्याऐवजी वाढतो. म्हणून उंच आवाज वाटीने अडवायचे आणि खोल आवाज विजेने शमवायचे, अशी वाटणी होते.

बोस यांच्या हेडसेटमध्ये वाटीच्या आत, कानाजवळ एक छोटा मायक्रोफोन असतो. कानापाशी प्रत्यक्ष काय ऐकू येते आहे ते तो सतत मोजतो. सर्किट त्याची तुलना रेडिओवरून आलेल्या आवाजाशी करते. जो जास्तीचा भाग असेल तो गोंगाट, म्हणून त्याच्या उलटा आवाज स्पीकरला दिला जातो. परिणाम पुन्हा मोजला जातो, पुन्हा दुरुस्ती होते. हाच तो वीनर यांच्याकडून आलेला फीडबॅक. नियंत्रणात थोडी चूक झाली तर हेच सर्किट शिट्टी मारू लागते. सभागृहात माइक स्पीकरजवळ नेल्यावर होते तसेच. डोक्याचा आकार, केस, चष्मा बदलला तरी हे घडू नये, अशी रचना करण्यातच मोठी मेहनत होती.

वैमानिकांनाच पहिली गरज का?

प्रवाशाला घरघर त्रासदायक वाटते, वैमानिकासाठी ती रोजीरोटीचा प्रश्न असते. मानवी कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबलच्या गोंगाटात दिवसाला आठ तासांहून अधिक राहू नये. दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. लहान पिस्टन इंजिनाच्या विमानातला गोंगाट ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो.

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. परवाना टिकवण्यासाठी ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते आणि त्यात कानही तपासले जातात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांनुसार वर्ग १ च्या वैमानिकाची श्रवणहानी ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त असून चालत नाही. कान गेले तर परवाना धोक्यात येतो.

दुसरा धोका लगेचचा आहे. नियंत्रण कक्षाने सांगितलेली उंची, दिशा किंवा धावपट्टीचा क्रमांक चुकीचा ऐकू आला तर त्याची किंमत मोठी असते. घरघर कमी झाली की रेडिओचा आवाज फार वाढवावा लागत नाही, बोलणे स्पष्ट कळते आणि काही तासांनी येणारा थकवाही कमी जाणवतो.

‘व्हॉयेजर’च्या उड्डाणाचे महत्त्व काय?

डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटन आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ या विमानातून कुठेही न थांबता आणि हवेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. १४ डिसेंबरला कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावरून निघालेले विमान २३ डिसेंबरला तेथेच उतरले. प्रवास नऊ दिवसांचा आणि ४० हजार किलोमीटरहून अधिक अंतराचा. विमान जवळजवळ उडती इंधनटाकीच होते. वजन वाचवण्यासाठी सगळे काही काटछाट करून बनवले होते आणि दोघांना जेमतेम आडवे होण्याइतकी जागा होती. इंजिनांची घरघर रात्रंदिवस कानाशी.

इतके दिवस त्या गोंगाटात राहिल्यास दोघांच्या कानांना कायमची इजा होण्याची भीती होती. त्यांनी बोस यांच्या कंपनीने तयार केलेले प्रायोगिक हेडसेट सोबत नेले. प्रयोगशाळेबाहेर या तंत्राची यापेक्षा कठीण परीक्षा क्वचितच झाली असती. तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, वैमानिकांसाठीचा हेडसेट विक्रीला आला. त्यानंतर कंपनीने १९९८ मध्ये ‘एक्स’, २०१० मध्ये ‘ए२०’ आणि २०२३ मध्ये ‘ए३०’ हे हेडसेट आणले. सर्वसामान्यांसाठीचा ‘क्वाएट कम्फर्ट’ हेडफोन मात्र २००० मध्ये आला. विमान प्रवाशाच्या वैतागातून सुरू झालेली गोष्ट प्रवाशांपर्यंत यायला २२ वर्षे लागली.

कंपनीने इतकी वर्षे धीर कसा धरला?

११ वर्षे एक रुपयाही परत न देणाऱ्या कामावर पैसे घालत राहणे शेअर बाजारात नोंदवलेल्या कंपनीला कठीण जाते. दर तीन महिन्यांनी नफ्याचा हिशेब द्यावा लागतो आणि भागधारक प्रश्न विचारतात. बोस यांनी कंपनी कधीच शेअर बाजारात आणली नाही. नफा संशोधनात परत घालायचा हा त्यांचा नियम होता.

हा नियम प्रत्येक वेळी फळला असे नाही. मोटारीला खड्ड्यांचे धक्के बसू नयेत म्हणून विद्युतचुंबकीय सस्पेन्शनवर त्यांनी १९८० पासून दोन दशकांहून अधिक काळ संशोधन करवले. २००४ मध्ये ते जगासमोर आले, थक्क करणारे होते, पण जड आणि महाग असल्याने बोस यांच्या हयातीत कोणत्याही मोटारीत बसले नाही. त्यातून निघाले ते मालट्रक चालकांसाठीचे धक्के शोषणारे आसन. एका बाजूला हेडसेट, दुसऱ्या बाजूला हे सस्पेन्शन. दोन्हींमागचा विचार एकच होता, नको असलेले कंपन मोजून त्याच्या उलटे बल लावायचे. एक व्यवसाय म्हणून यशस्वी झाले, दुसरे झाले नाही. दीर्घ पल्ल्याच्या संशोधनात आधी खात्री मिळत नाही, हे या जोडीवरून कळते.

मग आज हेडसेट निवडताना काय पाहावे?

बोस यांच्या कामातले तत्त्व लक्षात घेतले तर खरेदीचे प्रश्न सोपे होतात.

• विमान कोणते? पिस्टन इंजिनाचे प्रशिक्षण विमान किंवा हेलिकॉप्टर असेल तर पूर्ण कान झाकणारा, गोंगाट शमवणारा हेडसेट सर्वाधिक उपयोगी, कारण घरघर तिथेच जास्त. मोठ्या जेट विमानाचे कॉकपिट तुलनेने शांत असते, तेथे हलका हेडसेट पुरतो.

• वाटी कानाभोवती नीट बसते का? फट राहिली तर उंच आवाज आत येतात आणि खोल आवाज शमवण्याचे कामही बिघडते. रोजचा चष्मा किंवा गॉगल लावूनच हेडसेट घालून पाहावा. चष्म्याची काडी जितकी बारीक, तितकी फट कमी.

• वजन आणि दाब किती? दुकानात पाच मिनिटे घातलेला हेडसेट आरामदायी वाटतोच. शक्य असल्यास मित्राचा किंवा संस्थेतला हेडसेट तासभर उड्डाणात वापरून ठरवावे. ‘ए२०’चे वजन सुमारे ३४० ग्रॅम आहे. तुलनेसाठी हा आकडा उपयोगी पडतो.

• जोडणी कोणती? लहान विमानांत बहुधा दोन पिना लागतात, एक आवाजासाठी आणि दुसरी मायक्रोफोनसाठी. हेलिकॉप्टरमध्ये एकच वेगळी पिन, एअरबस विमानांत पाच टोकांची जोडणी, तर काही विमानांत हेडसेटला वीजही देणारी सहा टोकांची जोडणी असते. चुकीची पिन घेतली तर महागडा हेडसेट पेटीतच राहतो.

• बॅटरी संपली तर? उड्डाणात वीज गेली तरी रेडिओवरचे बोलणे ऐकू यायलाच हवे. खरेदीपूर्वी बॅटरी काढून हे तपासावे. अनेक हेडसेट दोन ‘डबल ए’ सेलवर चालतात आणि ते सेल कुठेही मिळतात.

• प्रमाणपत्र आहे का? अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचे ‘टीएसओ-सी१३९’ हे मानक विमानातील ध्वनी उपकरणांसाठी आहे. संगीतासाठीच्या हेडफोनला मायक्रोफोन जोडून काम भागवण्याचा मोह होतो. मात्र तो हेडफोन कॉकपिटसाठी तपासलेला नसतो, आणि वीज गेल्यावर तो काय करेल हे आधी पाहणे गरजेचे ठरते.

• डेसिबलचे आकडे कसे वाचावेत? गोंगाट कमी होण्याचा एकच मोठा आकडा जाहिरातीत दिसला तर तो कोणत्या वारंवारितेला आहे ते विचारावे. ८० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात काय होते, हे लहान विमानासाठी महत्त्वाचे. आकडे उत्तम आणि आवाज वाईट, हा अनुभव बोस यांना १९५६ मध्येच आला होता.

जास्त शांतता धोकादायक ठरू शकते का?

हा प्रश्न गंभीर आहे. इंजिनाच्या आवाजातला बदल हा अनुभवी वैमानिकासाठी इशारा असतो. २००७ मध्ये अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांना सावध केले, की असे हेडसेट वापरताना काही इशारे किंवा विचित्र आवाज कानावर येणार नाहीत अशी शक्यता आहे. त्यामुळे नवा हेडसेट घेतल्यावर जमिनीवर इंजिन चालू करून धोक्याच्या सर्व घंटा ऐकू येतात का, हे तपासून घ्यावे. आवाज दबतो तेव्हा मापकांकडे जास्त वेळा पाहण्याची सवयही लावून घ्यावी लागते.

हे तंत्र सगळा आवाज मिटवत नाही. खोल घरघर घटते आणि तिच्याखाली दबलेले आवाज, विशेषतः माणसाचे बोलणे, वर येते.

पैसे कमी असतील तर?

नव्वदीच्या दशकापासून लाइटस्पीडसारख्या कंपन्यांमुळे या तंत्राच्या हेडसेटना स्पर्धा आली आणि पर्याय वाढले. दुसरीकडे, हिरव्या वाट्यांचे डेव्हिड क्लार्कचे साधे हेडसेट वर्षानुवर्षे टिकतात आणि नीट बसले तर कानांचे चांगले रक्षण करतात. साध्या हेडसेटखाली फोमचे इअरप्लग घालणे हा आणखी स्वस्त उपाय. रेडिओचा आवाज थोडा वाढवला की बोलणे ऐकू येते. काहीच न घालता किंवा ढिल्या, फाटक्या गाद्यांचा उसना हेडसेट घालून २०० तास काढणे हा मात्र सर्वांत महाग सौदा, कारण गेलेले कान विकत मिळत नाहीत. गाद्या झिजल्या की बदलाव्यात, त्याला हेडसेटच्या किमतीच्या मानाने फार थोडा खर्च येतो.

बोस यांनी मागे काय ठेवले?

२०११ मध्ये बोस यांनी आपल्या कंपनीचे बहुसंख्य समभाग ‘एमआयटी’ला दान केले. हे समभाग मतदानाचा हक्क नसलेले आहेत. संस्थेला ते विकता येत नाहीत आणि कंपनीच्या कारभारात दखलही देता येत नाही. मिळणारा लाभांश मात्र शिक्षण आणि संशोधनावर खर्च करता येतो. कंपनी बाजाराच्या घाईपासून दूर राहावी आणि तिची कमाई विद्यार्थ्यांकडे जावी, अशी ही व्यवस्था आहे.

ज्या संस्थेतल्या एका गुरूने बचतीतले १० हजार डॉलर शिष्याच्या हाती ठेवले, त्या संस्थेकडे शिष्याची कंपनी अशा रीतीने परतली. आणि युद्धकाळात घरखर्चासाठी रेडिओची खरखर काढणाऱ्या मुलाने शोधलेले उत्तर आज जगभरातल्या कॉकपिटमध्ये कानांवर बसलेले आहे. हेडसेट कोणत्याही कंपनीचा घ्या. तो कानाभोवती घट्ट बसतो का, घरघर खरोखर कमी करतो का आणि वीज गेल्यावरही रेडिओ ऐकू देतो का, एवढे तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारले तर निवड सहसा चुकत नाही.